वेडी म्हणून मी नापास

नांदेडला आमच्या कॉलनीत एक भयकथालेखक राहतात. दिवसा ते इंजिनिअरिंग कॉलेजात काँक्रीट शिकवतात आणि उरलेल्या वेळात लोकांना घाबरवतात. मोबाइलवर कथा ऐकवणारं एक अ‍ॅप आहे, त्यावर त्यांची मालिका चालते. माळावरचं ओसाड वेड्यांचं इस्पितळ, तळघरात कोंडलेले आत्मे आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एक किंचाळी. कॉलनीतल्या निम्म्या स्वयंपाकघरांत पोळ्या लाटता लाटता ही मालिका ऐकली जाते. कुकरची शिट्टी आणि किंचाळी एकदमच झाली की आमचे हे दचकतात. मग मी हसते आणि ते चिडतात.

मालिकेतलं इस्पितळ लातूरजवळ आहे आणि ते इंग्रजांनी बांधलेलं आहे. तिथला गोरा डॉक्टर पेशंटना विजेच्या खुर्चीत बसवून छळतो. मी लेखक सरांना एकदा गेटपाशी गाठून म्हटलं, "सर, लातूर तर निजामाच्या राज्यात होतं. इंग्रज तिथं इस्पितळ बांधायला कशाला येईल?"

सरांनी स्कूटर बंद केली. असे प्रश्न त्यांना आवडतात. "मॅडम, निजामाच्या डॉक्टरला कोण भिणार? शेरवानीतला हकीम आला की लोकांना बिर्याणी आठवते. भीतीसाठी गोराच पाहिजे."

"आणि तळघर?"

"तळघर तर पाहिजेच."

लातुरातल्या बिल्डिंगांच्या तळघरात पार्किंग असतं आणि पार्किंगच्या कोपऱ्यात झेरॉक्सवाला बसतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर, तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं असतं. मला माहीत होतं, कारण मी अशाच एका तळघरावरच्या दुसऱ्या मजल्यावर राहून आले होते. ही मालिका ऐकणाऱ्या आणि लिहिणाऱ्या सगळ्यांत वेड्यांचा दवाखाना आतून पाहिलेली बहुधा मी एकटीच होते.

आई गेली तेव्हा मी रडले नाही. बाई खंबीर आहे म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. काही महिन्यांनी माझी झोप गेली, मग भूक गेली, मग अंघोळीला उठणंसुद्धा जड व्हायला लागलं. ऑफिसात मी सकाळी फाईल उघडायची आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत समोर तेच पान असायचं. सरकारी ऑफिस असल्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते माझ्या थोरल्या भावाच्या. तो अर्धापूरला असतो, केळीची बाग आहे त्याची. एका खेपेला त्यानं केळीचा घड आणून टेबलावर ठेवला. पुढच्या खेपेला आला तेव्हा तो घड तिथंच, तसाच, काळा होऊन चिलटं लागलेला. तो घडाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं बघत राहिला, आणि ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, हिला दवाखान्यात न्यायला पायजे. साध्या न्हाई."

नांदेडलाही मनाचे डॉक्टर आहेत. पण नांदेडला आमची स्कूटर सगळे ओळखतात, म्हणून लातूर ठरलं. कॉलनीत काय सांगायचं, हा प्रश्न होता. ह्यांनी सांगून टाकलं, मुलीच्या क्लासेससाठी तिची आई लातूरला राहायला गेली. मुलगी तेव्हा सहावीत होती आणि सुट्टीत मामाकडं केळीच्या बागेत हुंदडत होती. सहावीच्या पोरीला कसले क्लासेस, असं एकानंही विचारलं नाही. उलट समोरच्या वहिनी ह्यांना म्हणाल्या, "उशीरच केला भावजी तुम्ही. आता पाचवीपासून लावतात."

दवाखाना असा होता: खाली चपलांचं दुकान, त्याच्यावर दातांचा डॉक्टर, त्याच्यावर आम्ही. बायकांच्या वॉर्डात कूलर इतका आवाज करायचा की एखादी किंचाळली असती तरी ऐकू आलं नसतं. मी तिथं होते तेवढ्या दिवसांत खरी आरडाओरड एकदाच ऐकली, तीही बाहेर रस्त्यावर पाण्याचा टँकर आला तेव्हा. शॉक म्हणाल तर पुरुषांच्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या तलाठ्याला भूल देऊन देत होते. तासाभरानं ते उठून बसायचे आणि पोहे मागायचे. खिडकीतून समोर एका क्लासचा भलामोठा फलक दिसायचा, त्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. त्या पोरांचे चेहरे बघून मला रोज वाटायचं, यांना इकडं आणावं आणि आपण चार दिवस तिकडं जावं.

माझ्या शेजारच्या खाटेवर देगलूरची एक बाई होती. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, अंगानं भरलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिला सगळे अक्का म्हणायचे. ती मला चेल्ली म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. अक्काच्या कानात एक माणूस बोलायचा. तो तिला दिवसभर शिव्या द्यायचा, आणि तेलुगूतून द्यायचा.

"डॉक्टर इचारतो, काय म्हणतो तो? आता मी काय त्या शिव्यांचं मराठी करून सांगत बसू का? ते डॉक्टर लेकरासारखं हाय बिचारं."

गोळ्यांनी तो माणूस हळूहळू लांब गेला. आधी खोलीच्या दारापर्यंत गेला, मग पलीकडच्या गल्लीत गेला, असं ती रोज सकाळी मला सांगायची, पाहुणा कुठवर पोचला ते सांगावं तसं. एके दिवशी म्हणाली, गेला. डॉक्टरांनी तिला घरी जायला सांगितलं आणि तिच्या नवऱ्याला फोन लावला. नवऱ्याचं देगलूरला आडत दुकान होतं. तो म्हणाला, पेरणीची घाई हाय, झाली की येतो. पेरणी झाली. मग म्हणाला, आखाड लागला, आखाडात नको. नंतर फोन लागेनासा झाला.

अक्का रोज सकाळी लुगडं नेसायची, वेणी घालायची, पिशवी भरायची आणि जिन्याजवळच्या खुर्चीत जाऊन बसायची. दुपारचं जेवण आलं की उठायची, लुगडं सोडून घडी घालायची आणि पुन्हा दवाखान्याचा गाऊन चढवायची. कानात बोलणारा होता तेव्हा ती माझ्याशी हसून बोलायची. बरी झाली आणि गप्प झाली.

मला न्यायला हे आले, भाऊ आला, मुलगीसुद्धा आली. अक्का खुर्चीतच होती. "जा चेल्ली," म्हणाली, "माघारी बघू नको." पुढं पंधरवड्यानं तिचा फोन आला. कुणाची वाट न बघता ती एकटीच एसटीत बसून घरी गेली होती. "दार सासूनं उघडलं," म्हणाली. "मला बघून तिनंच अशी बोंब मारली की सगळी गल्ली गोळा झाली. दवाखान्यात न्यायचं तर तिला न्या म्हणलं मी."

तर ही सगळी पुंजी माझ्यापाशी होती आणि वर्षानुवर्षं कॉलनीत कुणाला तिचा पत्ता नव्हता. मग गेल्या हिवाळ्यात सरांनी शॉर्टफिल्म काढायची ठरवली. ऐकणारे आता कंटाळलेत, त्यांना बघायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. लातूर रोडवर एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग त्यांनी इस्पितळ म्हणून ठरवलं आणि पेशंट म्हणून कॉलनीतल्या बायका. आम्ही सगळ्या डबे बांधून टेम्पो ट्रॅव्हलरमधून निघालो. वाटेत भेंड्या खेळलो. वेड्यांच्या इस्पितळात इतक्या आनंदानं जाणाऱ्या बायका मी पहिल्यांदाच पाहिल्या.

सरांनी पांढरे गाऊन शिवून घेतले होते आणि त्यांवर लाल रंग शिंपडला होता. गाऊनवर रक्त कशाचं, असं मी विचारलं. "वातावरणाचं," ते म्हणाले.

मग निवड सुरू झाली. प्रत्येकीनं थोडं वेड करून दाखवायचं. माझी पाळी आली. मी पोत्यांच्या थप्पीवर बसले आणि समोरच्या भिंतीकडं बघायला लागले. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. कुणीतरी हातात चहा दिला होता, तो तसाच धरून ठेवला. काही आठवून करावं लागलं नाही, हातापायांना सगळं पाठ होतं.

सर बराच वेळ थांबले. "मॅडम, सुरू करा ना."

"करून राहिले मी."

"अहो, काहीच होत नाहीये. चहावर साय आली तुमच्या."

"तेच तर."

"नाही, नाही. वेड दिसलं पाहिजे चेहऱ्यावर. तुम्ही नुसत्या पेन्शनच्या रांगेत बसल्यासारख्या दिसता." त्यांनी मान हलवली. "तुम्ही नर्स व्हा."

मला पांढरी टोपी घालण्यात आली आणि हातात एक सिरिंज देण्यात आली. ती गुरांच्या दवाखान्यातून आणलेली होती. तिच्याकडं बघून म्हैससुद्धा शहाणी झाली असती.

मुख्य वेडीचं काम समोरच्या वहिनींना मिळालं. त्यांचे यजमान धान्याचे व्यापारी, घर मोठं, सासू-सासरे, दीर-जावा सगळे एकत्र. वहिनींनी केस सोडले, दोन्ही हातांनी लोखंडी जाळी धरली आणि गदागदा हलवली. सरांनी त्यांना लिहून दिलं होतं, 'मला सोडा, मला सोडा.' वहिनी दोनदा तसं म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा त्यांचं स्वतःचंच सुरू झालं.

"मला सोडा! वीस माणसांचा सैपाक करून राहिले मी! नणंद आली, तूप वाढ! दीर आला, मटण कर! बस म्हणलं का कुणी? बस म्हणलं का एकदा तरी?"

सर कट म्हणाले. वहिनी थांबल्या नाहीत. सर पुन्हा कट म्हणाले. शेवटी जाळीच निखळून हातात आली तेव्हा त्या थांबल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय अभिनय आहे," ते म्हणाले.

जेवायला आम्ही पत्र्याच्या सावलीत गोल बसलो. भाकरी, ठेचा, पिठलं, वांग्याची भाजी असं सगळं मध्ये मांडलं. वहिनी अजून घामानं निथळत होत्या, पण चेहरा कसा धुतल्यासारखा झाला होता. "लई मोकळं वाटलं बघा," त्या म्हणाल्या. मग माझी टोपी बघून त्यांना माझी दया आली. "तुम्ही वाईट नका वाटून घेऊ. येडीचं काम सगळ्यांना न्हाई जमत. तुम्ही पहिल्यापासूनच शांत."

इतकी वर्षं मी हे जपलं होतं. तेव्हा मात्र तोंडातून निघून गेलं.

"वहिनी, मी राहून आले तिथं."

"कुठं?"

"येड्याच्या दवाखान्यात. लातूरला. पोरीला पाचवीपासून क्लास लावायला पाहिजे होता म्हणालात ना तुम्ही, तेव्हा."

वहिनींचा घास हातातच राहिला. कुणीतरी ठेच्याची वाटी उचलून उगाच दुसरीकडं ठेवली. एक बाई हसली, कारण तिला वाटलं, मी गंमत करते आहे. मग तिनं बाकीच्यांकडं पाहिलं आणि हसणं थांबवलं. तेवढ्यात सर ताट घेऊन आले, त्यांना कुणीतरी हळूच सांगितलं. ते माझ्यासमोर मांडी घालूनच बसले.

"मॅडम! आणि तुम्ही आत्ता सांगताय? रात्री काय व्हायचं तिथं?"

"लाइट जायची. कूलर बंद पडायचा. डास चावायचे."

"साखळ्या?"

"टीव्हीच्या रिमोटला होती. लोक पळवायचे म्हणून."

"म्हणजे भीतिदायक असं काहीच नाही?"

त्यांचा चेहरा इतका पडला की मला त्यांची कीव आली. मी त्यांना अक्काचं सांगितलं. नाव, गाव गाळून. बरी झालेली बाई रोज सकाळी वेणी घालून जिन्याजवळ बसते आणि तिला न्यायला कुणी येत नाही. बायका ऐकत होत्या. एकीनं डोळ्याला पदर लावला. सर भाकरी मोडत राहिले आणि म्हणाले, "हं. पण मॅडम, यात भीती कुठंय?"

त्यानंतर कॉलनीत माझा भाव बदलला. बायका माझ्याशी सावकाश आणि मोठ्यानं बोलायला लागल्या, मला ऐकू कमी येतं असं समजून. एकीनं विचारलं, आता गॅस तुम्हीच पेटवता का? ह्यांना राग आला होता. "काय गरज होती सांगायची?" ते म्हणाले. मी म्हटलं, "वेडीचा रोल मिळाला नाही म्हणून." त्यावर ते दिवसभर बोलले नाहीत आणि संध्याकाळी आपणहून भाजी चिरायला बसले.

एका दुपारी समोरच्या वहिनी आल्या. दार लावून घेतलं. इकडचं तिकडचं झालं आणि मग हळूच म्हणाल्या, "तुमचा तो डॉक्टर चांगला हाय का हो?"

"हाव. कामून?"

"निस्तं बोलायला जाता येतं का तिथं? आजारी न्हाई मी. निस्तं बोलायला."

मी नंबर दिला. आता त्या महिन्यातून एकदा जातात. घरी काय सांगून जातात ते मी विचारलेलं नाही.

शॉर्टफिल्म फार कुणी पाहिली नाही, पण सरांच्या मालिकेचा नवा सीझन सुरू झाला आणि मी पोळ्या लाटायची थांबले. इस्पितळाच्या फाटकाशी पिशवी घेऊन बसलेली एक बाई. न्यायला कुणी येत नाही. वाट बघून बघून ती मरते. मग तिचा आत्मा एसटीत बसून गावी जातो, सासूला पायऱ्यांवरून ढकलतो आणि नवऱ्याचा गळा दाबतो. मी लाटणं ठेवलं आणि तशीच सरांकडं गेले.

"सर, ती बाई जिवंत आहे."

"असेल ना. मी नाव कुठं घेतलंय?"

"पण तुम्ही मारून टाकलं तिला."

"मॅडम, मारावंच लागतं. जिवंत बाईला कोण घाबरतं?"

"तिचा नवरा."

सरांनी पेन उचललं. "वा," ते म्हणाले. "हे वापरू का?"

अक्काला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं, म्हणून पुढच्याच रविवारी मी देगलूरची एसटी धरली. येते म्हणून आधी फोन केला होता. दार तिच्या नवऱ्यानं उघडलं. किरकोळ, पांढरी टोपी घातलेला माणूस. इतकी वर्षं मी त्याची एवढी मोठी मूर्ती मनात करून ठेवली होती की त्याला बघून जरा निराशाच झाली. अक्का आत ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. जरा वाळली होती, कुंकू तेवढंच होतं. तिनं मला ओढून शेजारी बसवलं.

मी सगळं सांगितलं. जिनिंग, सर, मालिका. तिनं मिरच्या बाजूला सारल्या. "लाव," म्हणाली.

"अक्का, चांगलं न्हाई ते."

"लाव म्हणते ना."

मी मोबाइल खिडकीच्या चौकटीवर ठेवला. भाग सुरू झाला. वारा सुटला, फाटक करकरलं, बाई मेली. एसटीत आत्मा बसला आणि कंडक्टरनं तिकीट मागितलं तेव्हा अक्का हसायला लागली. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. आतल्या खोलीतलं म्हातारीचं, तिच्या सासूचं, खोकणं थांबलं. गोष्टीतली सासू पायऱ्यांवरून गडगडत खाली आली तेव्हा अक्का मांडीवर थाप मारून म्हणाली, "आमच्या घराला पायरीच न्हाई, न्हाईतर!" मग आत्म्यानं नवऱ्याच्या गळ्याला हात घातला.

"बंद करा ते," नवरा म्हणाला. "लेकरं घाबरतेत."

"लेकरं पुण्याला हायत," अक्का म्हणाली. "चेल्ली, परत लाव."

दुसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा तो आत गेला. थोड्या वेळानं भांडी वाजली आणि तो चहा घेऊन बाहेर आला, दोनच कप. अक्कानं न बघता घेतला. "ती मेली हे काय मला पटलं न्हाई," ती मला म्हणाली. "मरायची काय गरज होती? बाईनं जितंच यावं घरी. तुमच्या सरांना सांग."

नवरा दुकानात गेल्यावर मी विचारलं, "तो तेलुगूवाला?"

"येतो कधीमधी. गोळी चुकली की येतो." तिनं एका मिरचीचा देठ मोडला. "मग गोळी घेते. भाजी निवडत बसते. तो बोलून बोलून जातो. लई वाईट असतात ते दिवस, चेल्ली. पण घर हाय म्हणून बसायला जागा तरी हाय."

हे ती हसत म्हणाली नाही. दोघींनी मिळून मिरच्या संपवल्या.

निघताना ती मला बाजारात घेऊन गेली. बांगड्या भरल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाली. बांगडीवाली तिच्या ओळखीची होती. "ही माझी लातूरची मैतरीण," अक्कानं सांगितलं.

"लातूरला कुठं भेटल्या तुम्ही?" बांगडीवालीनं विचारलं.

"दवाखान्यात होतो दोघी. येड्याच्या."

मी इकडंतिकडं पाहिलं. शेजारी दोन बायका उभ्या होत्या.

"हाव का?" बांगडीवाली म्हणाली, आणि माझा हात पुढं ओढून बोटं दाबून बघायला लागली. "हात लई कडक हाय तुमचा. सैल सोडा. हिरव्या भरू का लाल?"